ताटाची डावी बाजू

हेर लिंडेक, म्हणजे आमचे जर्मन शेजारी लिंडेकसाहेब, जेवायला बसले की आधी ताटाची डावी बाजू संपवायचे. चटणी, कोशिंबीर, मग लिंबाची फोड, तीसुद्धा सालासकट. मीठ उरलं असेल तर ते बोटानं टिपून खायचे आणि मगच भाजी-आमटीकडे वळायचे. माझ्या सासूबाईंना हे बिलकूल पसंत नव्हतं. "तोंडी लावणं आधीच संपवलं तर पुढे हा माणूस तोंडी लावणार काय?" असं त्या मला विचारायच्या. मी ते जर्मनमध्ये करून सांगितलं की हेर लिंडेक गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, "फ्राउ खारे, जे कडेला ठेवलेलं असतं तेच बघण्यासारखं असतं. मधलं सगळं पोट भरायला."

फ्राउ म्हणजे बाई, आणि खारे म्हणजे मी. आमचं आडनाव खरे, पण जर्मन जिभेवर गेलं की त्याचं खारे व्हायचं. मी सुरुवातीला दुरुस्त करायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे. तुझ्या बोलण्याला शोभतं ते."

आम्ही जर्मनीतल्या येना गावात आलो ते विनयच्या नोकरीमुळे. विनय माझा नवरा, भिंगं बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. माझं जर्मन जरा रुळल्यावर मीही एका ऑप्टिकरच्या दुकानात लागले. म्हणजे चष्म्याच्या दुकानात. लोकांचे डोळे तपासायचे, नंबर काढायचा, आणि त्यांना न शोभणारी फ्रेम त्यांना शोभते असं सांगायचं. घर मिळालं होतं साले नदीच्या वरच्या चढावर. (नदीचं नाव खरंच साले आहे, त्याला मी काय करणार?) दुसऱ्या मजल्यावर आम्ही आणि तळमजल्यावर हेर लिंडेक, एकटेच. बायको पूर्वीच गेलेली, मूलबाळ नाही. मागच्या मोठ्या खोलीत त्यांचं चित्रांचं काम चालायचं. चित्रकार म्हणून येनात त्यांना फारसं कुणी ओळखत नव्हतं. जपानात ओळखत होते, आणि तेही थोडेच.

आमची ओळख काजळामुळे झाली. सासूबाई दर उन्हाळ्यात सांगलीहून तीन महिन्यांसाठी यायच्या. विकतचं काजळ त्या डोळ्यांत घालत नसत. एका रविवारी दुपारी तुपाच्या निरांजनावर तांब्याची ताटली उपडी धरून त्यांनी काजळी धरायला सुरुवात केली. घराघरात रूहेत्साइट, म्हणजे शांतता पाळायची वेळ, जिन्यात जळका वास, आणि दारावरची घंटा वाजली. मी मनातल्या मनात माफीची दोन वाक्यं जुळवून दार उघडलं. बाहेर एक उंच, वाकलेला म्हातारा, अंगात काळ्या डागांनी भरलेला एप्रन. मला ओलांडून तो थेट स्वयंपाकघरात गेला. जाताना बूट मात्र दारात काढले, हे सासूबाईंनी लगेच हेरलं.

ताटलीच्या खालची काजळी बघून तो माणूस जागीच उभा राहिला. बोट लावलं, तळहातावर ओढलं, उजेडात धरलं. मग मला म्हणाला, "जपानमध्ये शाई अशीच करतात. दिव्याची काजळी आणि सरस. तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

मी ते सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "शिकवायचंय काय त्यात? पण त्याला म्हणावं, कागदावर कशाला फासतोस, डोळ्यांत घाल. म्हातारपणी नजर शाबूत राहील." आणि हेर लिंडेक नको म्हणायच्या आत सासूबाईंनी ताटलीवरून बोट फिरवून त्यांच्या दोन्ही डोळ्यांत काजळ घातलंसुद्धा. हेर लिंडेक त्या दिवशी तसेच ट्रामनं गावात जाऊन आले. परत आल्यावर सांगत होते की एरवी कुणी त्यांच्याकडे बघत नाही, आज सगळे बघत होते.

तेव्हापासून रविवारचं जेवण आमच्याकडे ठरून गेलं. येताना ते कधी बटाट्याचे क्लोस, म्हणजे उकडलेले गोळे, घेऊन यायचे, ते आम्ही कौतुक करून खायचो आणि उरलेल्यांची दुसऱ्या दिवशी फोडणी घालून भाजी करायचो. जेवायच्या आधी ते ताटापुढे मान झुकवायचे आणि जेवण झाल्यावर पुन्हा. ही सवय जपानातली. सासूबाईंना वाटायचं, आपल्याच देवाचं काहीतरी पुटपुटतोय. ताटात कुठे काय वाढायचं याचे नियम असतात हे कळल्यावर तर ते हरखून गेले. मीठ कुठे, लिंबू कुठे, हे विचारून विचारून त्यांनी पाठ केलं. 'डावी' हा त्यांना नीट म्हणता येणारा एकुलता एक मराठी शब्द. जिन्यात भेटले की विचारायचे, "रविवारी डावी काय?"

एकदा विनयनं हौसेनं ताटं वाढायला घेतली. टेबलाच्या पलीकडे उभा राहून वाढत होता, त्यामुळे त्याची सगळी उलटापालट झाली. चटणी-कोशिंबीर उजवीकडे, भाजी डावीकडे. सासूबाई ओरडल्याच, "अरे, काय करतोयस! श्राद्धाचं पान आहे का ते?" हेर लिंडेकना काय झालं ते कळेना. मी सांगितलं की आमच्याकडे गेलेल्या माणसासाठी पान वाढतात ते उलटं वाढतात, जिवंत माणसाला तसं वाढत नाहीत. ते बराच वेळ त्या ताटाकडे बघत राहिले. "नुसती जागा बदलली, तर माणूस मेलेला?" त्यांनी विचारलं. "हो," मी म्हटलं. "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं ते म्हणाले आणि त्यांनी स्वतः ताट नीट लावून घेतलं.

जपानची गोष्ट त्यांनी तुकड्यातुकड्यांनी सांगितली. बर्लिनची भिंत पडायच्या आधीच्या काळात ते भिंगांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते आणि संध्याकाळी कामगारांना चित्रकला शिकवायचे. स्वतः लाकडाचे ठसे कोरायचे. त्यांची तेव्हाची चित्रं मी बघितली आहेत. काळी, जाड, कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत भरलेली. माणसं, छपरं, धूर, कुठे बोट ठेवायला पांढरी जागा म्हणून नाही. त्याच सुमाराला ओकुदा नावाचा जपानी इंजिनिअर यंत्रं बसवायला येनात आला. त्याला चित्रांचं वेड. एका संध्याकाळी वर्गात येऊन बसला, सगळे ठसे बघितले आणि म्हणाला, "तुझा काळा रंग आमच्याकडे कुणाकडेच नाही. पण तू कागदाला घाबरतोस."

हे वाक्य हेर लिंडेक आयुष्यभर चघळत राहिले. ओकुदानं त्यांना कुंचला धरायला शिकवलं, जमिनीवर गुडघे टेकून बसायला शिकवलं. जाताना त्यांचे ठसे घेऊन गेला. त्याच्या गावी एक छोटी कार्यशाळा होती. तिथली मंडळी नाजूक, सफाईदार कोरणारी. यांचे ठसे बघून ती लाकडाच्या गाठी दिसू द्यायला लागली, जाड काळं छापायला लागली. भिंत पडल्यावर हेर लिंडेक पहिल्यांदा तिथे गेले, तेव्हा भिंतीवर त्यांना स्वतःचाच काळा रंग परक्या हातांनी काढलेला दिसला. पुढे ते दर वसंतात शिकवायला जाऊ लागले. तिथे त्यांना सेन्सेई म्हणायचे, म्हणजे गुरुजी.

"त्यांनी माझ्याकडून काळा घेतला आणि वापरला," ते म्हणायचे. "मी त्यांच्याकडून पांढरा घेतला आणि मला तो कधी वापरता आला नाही." ओकुदाचं दुसरं एक वाक्य त्यांना पाठ होतं. रिकामी जागा सोडायची नसते, कमवायची असते. ते कुंचल्यानं एक फांदी काढायचे, शेजारी जागा मोकळी ठेवायचे, तासभर तिच्याकडे बघायचे आणि शेवटी न राहवून तिथे काहीतरी काढायचेच. पक्षी, दगड, काहीही. मग कागद फाडायचे. वरच्या मजल्यावर आम्हाला तो आवाज ऐकू यायचा. विनय म्हणायचा, "आला बघ पक्षी."

पूर्वी ते काम झाल्यावर चित्र उलटं, म्हणजे वरची कड खाली करून, बघायचे. सगळ्या चित्रकारांची असते म्हणे ही सवय, त्यानं तोल कळतो. ओकुदाच्या सांगण्यावरून त्यांनी ती सोडली. जे उमटलं ते उमटलं, त्याची उलटतपासणी करायची नाही. मला त्या वेळी हे फार थोर वाटलं होतं. आता वाटतं, ती एक सवय राहिली असती तरी खूप झालं असतं.

ओकुदा वारला. कार्यशाळा त्याची मुलगी फुमिको चालवू लागली. ती तेव्हा चाळिशीची असेल. हेर लिंडेकसाठी ती मुद्दाम जर्मन शिकली होती. एका हिवाळ्यात त्यांनी तिला नवी चित्रं पाठवली आणि तिचा फोन आला. त्याच दिवशी ते धापा टाकत जिना चढून आमच्याकडे आले. मी त्यांना इतकं आनंदात कधीच बघितलं नव्हतं. खुर्चीवरसुद्धा बसेनात.

"फुमिको रडली," ते म्हणाले. "म्हणाली, बाबा हवे होते. म्हणाली, सेन्सेई, तुम्ही आता कागदाला घाबरत नाही. एवढी मोठी जागा मोकळी ठेवायची तिच्या बापाचीही छाती झाली नसती, असं म्हणाली."

"मग तुम्ही केलंत काय वेगळं?" मी विचारलं.

"काही नाही. आल्झो," हा त्यांचा नेहमीचा 'तर मग', "तेच तर. मी काहीच केलं नाही. आपोआप आलं. सबंध आयुष्य ज्याच्यामागे पळालो ते मी बघत नसताना आलं."

पुढच्या वर्षीच्या वसंतात तिथे त्यांचं प्रदर्शन ठरलं. कार्यशाळेतली मुलं त्यांची नवी चित्रं समोर ठेवून काम करायला लागली, असं फुमिको सांगायची. त्यांच्याही कागदांवर डावीकडे पांढरं वाढत चाललं होतं. मी खाली जाऊन ती चित्रं बघून आले. उजव्या काठाजवळ एखादी फांदी, एखादं छप्पर, आणि मग कागद संपेपर्यंत काहीच नाही. मला चित्रांतलं कळत नाही, पण पुन्हा पुन्हा बघावंसं वाटलं हे खरं. मीही मान डोलावली.

त्याच सुमाराला ते आमच्या दुकानात चष्म्याची तक्रार घेऊन आले. खरं म्हणजे तक्रार वर्तमानपत्राची होती. "हल्ली वाक्यं अर्ध्यातून सुरू करतात," ते म्हणाले. "संपादकांना झालंय काय?" मी नंबर तपासला. तसूभर बदल नव्हता. सत्तरी उलटलेल्या माणसाचे इतके स्वच्छ डोळे मी कमीच पाहिले असतील. मी म्हटलं, सासूबाईंच्या काजळाची कमाल. दोघंही हसलो. एका गालावरची दाढी राहिली होती, पण एकट्या राहणाऱ्या पुरुषाची दाढी कोण मनावर घेतो?

उन्हाळ्यात सासूबाई आल्या. पहिल्याच रविवारी त्यांनी हेर लिंडेकसाठी जवसाची ताजी चटणी कुटली. ते आले, ताटापुढे मान झुकवली आणि सरळ भाजीला हात घातला. भाजी संपली, आमटी संपली, भात अर्धा संपला. तोही असा की मुदीची उजवी बाजू गेलेली आणि डावी जशीच्या तशी उभी. चटणी, कोशिंबीर, लिंबू कशालाच हात लागला नव्हता.

सासूबाईंचं तोंड उतरलं. "विचार त्याला, चटणीत काय कमी पडलं?"

मी विचारलं. हेर लिंडेकनी ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. जरासे दुखावल्यासारखे म्हणाले, "मी बोलणार नव्हतो. पण आज डावी नाही केलीत का?"

सासूबाईंना वाटलं, थट्टा करतोय. विनयही हसला. मी मात्र हसू शकले नाही. मला वर्तमानपत्र आठवलं आणि दाढी न केलेला तो गालही आठवला. मी उठले, त्यांच्या ताटाला हात लावला आणि ते जागच्या जागी गोल फिरवलं. चटणी उजवीकडे आली.

"आहा!" ते म्हणाले. "आता आणलीत." आणि खायला लागले.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. भाषा येत नसली तरी त्यांना कळलं होतं.

मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरीणबाई चांगली होती, घाई न करता बोलली. मेंदूचा रक्तपुरवठा अडून छोटे छोटे झटके येऊन गेले होते, कळले नाहीत असे. डोळे उत्तम आहेत. पण मेंदूनं डावी बाजू सोडून दिली आहे. डावीकडे अंधार दिसत नाही, धूसर दिसत नाही. तिथे काही असतं हेच त्यांच्या मेंदूला माहीत नाही. समोर जेवढं दिसतं तेवढंच त्यांना पूर्ण वाटतं. हे आणखी वाढेल, कमी होणार नाही.

आम्ही ट्रामनं परत निघालो. मग त्यांनी विचारलं, "याला तुमच्या भाषेत शब्द आहे?"

"एखाद्याला मुद्दाम बाजूला टाकलं तर आम्ही 'डावललं' म्हणतो," मी म्हटलं.

"डावी," ते म्हणाले. त्यांना तेवढं ओळखू आलं. घराशी आल्यावर मला वर जाऊ देईनात. "ताट फिरवलंत," ते म्हणाले, "तसं चित्र फिरवा."

मागच्या खोलीत जमिनीवर प्रदर्शनासाठी निवडलेलं चित्र पसरलेलं होतं. काठाला वाकलेली एक फांदी आणि पुढे पांढरंच पांढरं. ते त्याच्यापुढे गुडघे टेकून बसले. मी कागद उचलला, वरची कड खाली येईल असा फिरवला आणि पुन्हा त्यांच्यासमोर ठेवला.

"हा कोरा कागद आहे," ते म्हणाले. "चित्र कुठे ठेवलंत?"

फांदी आता डावीकडे गेली होती. मी म्हटलं, "हेच आहे चित्र." त्यांचा विश्वास बसेना. मी कागद पुन्हा फिरवला. फांदी आली. पुन्हा फिरवला. गेली. ते पुन्हा पुन्हा फिरवायला सांगत होते आणि मी फिरवत होते. शेवटी मला रडू फुटलं. त्यांना नाही फुटलं. ते त्या कोऱ्या कागदावरून हात फिरवत म्हणाले, "मला वाटलं होतं, मी पोचलो."

माणसाचं सगळं हिरावून घेतात असं आपण सहज म्हणतो. माझ्यासमोर ते घडलं तेव्हा खोलीत काहीच हललं नव्हतं. कागद, शाई, कुंचले, सगळं जागच्या जागी होतं. फक्त हाती आलेली एकुलती एक गोष्ट त्यांची उरली नव्हती.

फुमिकोला त्यांनी त्याच दिवशी फोन करून सगळं सांगितलं. तरी ठरल्याप्रमाणे ती चित्रं न्यायला येनात आली. लहान चणीची, नीटनेटकी बाई. हेर लिंडेकनी मला बोलावून घेतलं होतं, बहुधा एकट्यानं तोंड द्यायचं धैर्य नव्हतं म्हणून. मी चहा केला आणि भिंतीपाशी बसले.

"ही चित्रं जाणार नाहीत," ते म्हणाले. "ही आजारी माणसाची चित्रं आहेत."

"कागदाला कारण माहीत नसतं, सेन्सेई," ती म्हणाली. तिचं जर्मन जपून टाकलेल्या पावलांचं होतं. "पांढरं आहे. ते खरं आहे. आम्ही सगळ्यांनी बघितलं."

"मला माहीत आहे ना कारण. मुलांना सांगितलंस?"

"लगेच सांगितलं."

"मग?"

फुमिकोनं मान खाली घातली. "त्यांना वाटलं, सेन्सेई नम्रपणे बोलताहेत. मोठे लोक आपल्या कामाला असंच नावं ठेवतात. त्यांना तुमच्याबद्दल आणखी आदर वाटायला लागला."

हेर लिंडेक हसले. ते हसणं मला आजही नको वाटतं. "आल्झो. म्हणजे आता खरं सांगायचीही सोय नाही. मुलं अजून तसंच काढतात?"

"हो."

"त्यांना सांग, तुम्हाला माझा आजार लागलाय."

फुमिकोच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते पुसायचंही तिनं टाळलं. "बाबा असते तर म्हणाले असते, जागा कुठून आली ते विचारू नका."

"तुझा बाप असता तर त्यानं ती चित्रं फाडली असती," हेर लिंडेक म्हणाले. "तुलाही ते माहीत आहे."

तिला माहीत होतं. ती रिकाम्या हातानं उठली आणि दारात पार कमरेतून वाकली. पण ती उभी होती त्यांच्या डाव्या हाताला. ते समोर बघत राहिले. मी म्हटलं, "हेर लिंडेक, फुमिको निघालीय." ते उजवीकडे वळून तिला शोधू लागले. ती तशीच वाकलेली राहिली, आणि मी शेवटी तिचा दंड धरून तिला त्यांच्या उजवीकडे आणून उभी केली.

त्यांनी लढून बघितलं, नाही असं नाही. कागद फिरवून दुसऱ्या बाजूनं फांदी काढायची, पुन्हा फिरवायचा, अशी त्यांनी काही चित्रं केली. प्रत्येक चित्रात दोन फांद्या व्हायच्या. दोघी एकमेकींना ओळखत नसायच्या. मग पूर्वीसारखा ठसा कोरायला घेतला. लाकडाची उजवी बाजू कोरून झाली की ते पटाशी खाली ठेवायचे आणि म्हणायचे, झालं. पुढे पुढे आपल्याला काही झालंय हेच ते विसरायला लागले. हे एका परीनं बरं, असं विनय म्हणाला, आणि मी त्याच्यावर उगाचच भडकले. मग ते जिन्यात पडले आणि त्यांना चढावाखालच्या फ्लेगेहाइममध्ये हलवलं. म्हणजे वृद्धांची शुश्रूषा करतात तिथे.

प्रदर्शन शेवटी झालं, पण विद्यार्थ्यांचं. फुमिकोनं त्याचं छापील पुस्तक पाठवलं. मी ते हाइममध्ये घेऊन गेले आणि आधी स्वतः चाळलं. पानामागून पान, उजव्या काठाला जाड, काळी, लाकडाच्या गाठी दिसणारी एखादी आकृती आणि डावीकडे मोकळं, विस्तीर्ण पांढरं. त्यांचा काळा आणि त्यांचा आजार, दोन्ही तिथल्या पोरांनी मन लावून गिरवले होते. आता त्या पोरांचेही विद्यार्थी होतील आणि तेही गिरवतील. पुस्तक द्यावं की नाही हे मला ठरवता येत नव्हतं, तेवढ्यात त्यांनीच ते माझ्या हातातून घेतलं.

त्यांनी शांतपणे पानं उलटली. शेवटच्या पानाशी आल्यावर मान हलवली. "पोरं चांगली आहेत," ते म्हणाले. "पण ओकुदाला नसतं आवडलं. किती भरतात बघा. जरा म्हणून जागा मोकळी ठेवत नाहीत."

मी पुस्तक मिटून पिशवीत टाकलं.

मी दर रविवारी डबा घेऊन जायचे. तिथल्या परिचारिकेनं सांगितलं होतं की सगळं मुद्दाम त्यांच्या डावीकडे ठेवत जा, डावीकडूनच बोला, म्हणजे वळायची सवय लागेल. मी तसं केलं. डावीकडे बसून हाका मारल्या, डावीकडे चटणी वाढली. ते उजवीकडच्या रिकाम्या खुर्चीला उत्तरं द्यायचे आणि चटणी तशीच परत यायची. माणूस दिवसेंदिवस वाळत चालला होता. फोनवर सासूबाई दर वेळी विचारायच्या, "जेवतो का ग नीट? चटणी खातो का?" कुणीतरी इकडे येणारं गाठून त्यांनी जवसाची चटणी पाठवली होती.

ती घेऊन गेले तो रविवार त्यांचा शेवटचा. घरचं स्टीलचं ताट मुद्दाम नेलं होतं. ताट त्यांच्यापुढे ठेवलं, डबा उघडला आणि सवयीनं हात डावीकडे गेला. तिथेच थांबला. मी त्यांच्याकडे बघितलं. ते ताटाच्या उजव्या कडेकडे बघत होते, दुसरीकडे बघायला त्यांना जागाच नव्हती.

मी मीठ उजवीकडे वाढलं. मग लिंबाची फोड, मग कोशिंबीर, मग चटणी. भाजी आणि आमटीची वाटी डावीकडे ठेवली. हे करताना मनात सारखं येत होतं की बघणारं कुणी नाही हे बरं.

त्यांनी मान झुकवली. मग वर केली आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. "आल्झो!" ते म्हणाले. "फ्राउ खारे, आज डावी केलीत!"

"हो," मी म्हटलं.

ते पहिल्यासारखे जेवले. आधी चटणी, मग कोशिंबीर, मग लिंबू सालासकट. मीठ बोटानं टिपून खाल्लं. मग ताटापुढे मान झुकवली आणि तृप्त होऊन मागे टेकले. भाजी, आमटी त्यांच्यासाठी नव्हतीच. मी उजवीकडच्या खुर्चीत बसून बघत होते. मी निघताना त्यांनी विचारलं, "पुढच्या रविवारी काय, डावी?" मी हो म्हटलं आणि दाराकडे गेले. दार डावीकडे होतं. मी वळून हात हलवला तेव्हा ते माझी खुर्ची होती तिकडे बघून हात हलवत होते.

घरी आले तर सासूबाईंचा फोन. "जेवला का ग?"

"जेवले आई. सगळी चटणी संपवली."

"बघ," त्या म्हणाल्या. "डावी बाजू सोडायचा नाही तो."

मी पान कसं वाढलं होतं, ते मी त्यांना सांगितलं नाही.